चष्मा आई शोधेल तिथे

दिवाळीत मी माहेरी, डोंबिवलीला होते. मावसबहिणीची मुलगीही राहायला आली होती. ती मानसशास्त्रात एम.ए. करते, खूप वाचते, आणि माझ्या भाच्यावर, दादा-वहिनीच्या मुलावर, तिचा खरा जीव आहे. भाऊबीजेच्या दुपारी सगळे पेंगत असताना तिने माळ्यावरच्या खोक्यातून दोन जुन्या बाहुल्या शोधून काढल्या, स्वयंपाकघरातून झाकणाची टोपली आणि स्टीलचा डबा आणला आणि भाच्यासमोर फरशीवर खेळ मांडला. ही बाहुली तिची गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ती गेली की ही दुसरी बाहुली गोटी काढून डब्यात टाकते. आता पहिली परत आली, तर ती गोटी कुठे शोधेल? भाचा १९ वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, आहे. त्याने बाहुल्यांकडे पाहिलंच नाही. डब्यावर बोट ठेवलं, झाकण उघडून गोटी काढली, अंगठ्याखाली थोडा वेळ फिरवली आणि उठून गॅलरीत गेला. मुलीने वहीत टिपून घेतलं आणि हळू आवाजात मला म्हणाली, "बघ ना मावशी, अगदी पुस्तकात लिहिलंय तसंच."

पुस्तकात काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. तरी ते वाक्य मनात अडकून राहिलं, कारण आदल्याच दिवशी, पाडव्याच्या सकाळी, मी वेगळंच काही पाहिलं होतं. माझी आई रात्री झोपताना चष्मा देवघराशेजारच्या फळीवर ठेवते, कालनिर्णयच्या खाली. सकाळी आंघोळ करून आली की ती तो डोळ्यांनी शोधत नाही, हाताने चाचपते. पाहुण्यांच्या गडबडीत कुणीतरी चष्मा उचलून फ्रीजवर ठेवला होता. आई न्हाणीघरात होती. भाचा आत आला, फ्रीजवरून चष्मा घेतला, फळीवर नेला, काड्या मिटून कालनिर्णयच्या खाली ठेवला आणि तिथेच भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. आई आली. तिने फळीवर हात फिरवला, चष्मा लावला, देवापुढे उदबत्ती लावायला वळली. मगच तो तिथून गेला. तिला यातलं काही कळलंही नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला. घरातली कुठलीही वस्तू हलली की ती जागेवर ठेवल्याशिवाय भाच्याला चैन पडत नाही. चपलांचे जोड, पंख्याचा रेग्युलेटर, मीठ-मसाल्याच्या बरण्या, सगळं. तेव्हा चष्मा जागेवर ठेवणं हे त्याच सवयीतलं असू शकेल. किंवा आजीला चष्मा फ्रीजवर गेल्याचं माहीत नाही, ती फळीवरच हात फिरवणार, हे त्याने ओळखलं असेल. बाहुलीच्या खेळात विचारतात ते नेमकं हेच. पहिलं स्पष्टीकरण सोपं आहे. पण नुसती वस्तूच जागेवर ठेवायची होती, तर तो थांबला कशासाठी?

ज्या प्रयोगाची ही घरगुती आवृत्ती होती तो १९८५ चा, लंडनचा. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या तिघांनी २० ऑटिस्टिक मुलांसमोर हा खेळ मांडला आणि त्यातल्या १६ मुलांनी गोटी खरोखर जिथे होती तिथे बोट दाखवलं. डाउन सिंड्रोम असलेल्या आणि साधारण साडेचार वर्षांच्या इतर मुलांपैकी बहुतेकांनी बरोबर उत्तर दिलं. दुसऱ्याला काय माहीत आहे, काय नाही, याचा अंदाज बांधण्याच्या क्षमतेला 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात, आणि ऑटिस्टिक मुलांना नेमकं तेच अवघड जातं असा निष्कर्ष निघाला. मूळ निबंध जपून लिहिलेला आहे. पण तो वर्गांमधून, कार्यशाळांमधून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत पोचला तेव्हा त्याचं 'याला दुसऱ्याचं मन कळत नाही' एवढंच झालं होतं, आणि नातेवाइकांच्या तोंडी तेच 'याला माया नाही' असं झालं. हे दुसरं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत, वहिनी शेजारी बसलेली असताना.

त्या २० मधल्या उरलेल्या ४ मुलांबद्दल मला फार कुतूहल आहे. एखाद्या गोष्टीचा अभाव हीच ओळख असेल तर ही चौघं कुठे बसतात? पुढे दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, ऑस्ट्रेलियात कँडिडा पीटरसन आणि मायकेल सीगल यांनी असाच खेळ कर्णबधिर मुलांना दिला. ज्यांच्या घरात सगळे ऐकणारे होते आणि खुणांची भाषा कुणाला येत नव्हती अशी ही मुलं. त्यांनाही तो फार जड गेला. मुलांमध्ये काही कमी नव्हतं. मनातल्या गोष्टींबद्दल त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं घरात कुणी नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. आमच्या घरात आम्ही बोलतो खूप, पण भाच्याच्या भाषेत किती बोलतो?

कारण त्याला भाषा आहे. ती मध्य रेल्वेची आहे.

गॅलरीतून रूळ दिसतात. लहानपणापासून लोकलमधल्या घोषणा त्याला तिन्ही भाषांमध्ये, त्याच क्रमाने, मधल्या थांब्यांसकट पाठ आहेत. जेवण झालं, की "पुढील स्टेशन". कंटाळा आला, की "पुढील स्टेशन". पाहुणे खूप वेळ बसले आणि त्यांनी आता जावं असं वाटलं, तरी "पुढील स्टेशन", फक्त जरा मोठ्याने. पण त्याचं सगळ्यात जड वाक्य वेगळं आहे. तो पाच-सहा वर्षांचा असताना आम्ही फास्ट लोकलने ठाण्याला निघालो होतो आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात थांबली. दिवे गेले, पंखे थांबले. अंधारात माणसांच्या घामाचा वास, लोखंडाचा वास, कुणाच्या तरी पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा वास. तो माझ्या आणि वहिनीच्या मध्ये उभा होता आणि त्याच्या अंगाला सुटलेला कंप मला माझ्या मांडीला जाणवत होता. तेव्हापासून मिक्सर लागला, कुकरच्या शिट्ट्या लागोपाठ झाल्या, गणपतीत खाली ढोल-ताशा आला, की तो कानांवर तळवे दाबतो आणि म्हणतो, "बोगदा आला." बाहेरच्या माणसाला हे असंबद्ध वाटतं. आमच्या घरात यापेक्षा नेमकं वाक्य दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही.

गंमत वाटेल, पण हे सगळं फार आधी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवर निबंध लिहिला, ऑटिझमची ओळख ज्यातून झाली तो प्रसिद्ध निबंध. तीन वर्षांनी त्यांनी याच मुलांच्या वरवर निरर्थक वाटणाऱ्या बोलण्यावर आणखी एक निबंध लिहिला. त्यात एक मुलगा आहे. पातेलं दिसलं की तो "पीटर ईटर" म्हणायचा. त्याच्या आईला विचारल्यावर उलगडा झाला: तो दोन वर्षांचा असताना ती स्वयंपाकघरात काम करता करता त्याला भोपळा खाणाऱ्या पीटरचं बडबडगीत म्हणून दाखवत होती आणि तिच्या हातून पातेलं खाली पडलं होतं. आईला विचारलं म्हणून ते कळलं. कॅनरच्या पहिल्या निबंधातला पहिला मुलगा, डोनाल्ड, याच्याबद्दलची माहितीही प्रामुख्याने त्याच्या वडिलांनी लिहिलेल्या ३३ पानी पत्रातून आली होती. म्हणजे या सगळ्या शास्त्राच्या पायात घरच्या माणसांनी पाहिलेलं, लिहून ठेवलेलं, सांगितलेलं आहे.

आणि तरी पुढे घरच्यांवरच ते उलटलं. त्याच कॅनरनी पालकांच्या थंडपणाबद्दल लिहिलं, फ्रीजमध्ये ठेवलेल्या मुलांची उपमा वापरली. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तर सगळा भार आईवर टाकला. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचं दाखवलं, तोपर्यंत एक अख्खी पिढी अपराधी वाटून घेत म्हातारी झाली होती. कॅनरनी १९६९ मध्ये पालकांच्या सभेत उभं राहून त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं, हे त्यांचं मोठेपण मी मानते. पण वहिनीला कोण दोषमुक्त करणार? ती बँकेत नोकरी करत होती म्हणून, पाळणाघरात ठेवलं म्हणून, पोटात असताना ग्रहण पाळलं नाही म्हणून, टीव्हीसमोर बसवून भरवलं म्हणून. बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांना एक कारण हवं असतं आणि आई हाताशी असते.

या कोड्याला आतून हात घालणाऱ्यांमध्ये पालकच पुढे होते हे मला फार मोलाचं वाटतं. आईला दोष देणारा सिद्धांत १९६४ मध्ये ज्यांनी पुराव्यानिशी खोडला ते बर्नार्ड रिमलंड एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. इंग्लंडमध्ये लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि ऑटिस्टिक मुलीची आई होत्या. आज आपण सहजपणे 'स्पेक्ट्रम' म्हणतो, प्रत्येक मूल वेगळं म्हणतो, ती दृष्टी बऱ्याच अंशी त्यांची. घरी एक मूल वाढवताना आणि दवाखान्यात शेकडो पाहताना त्यांना कप्पे पाडणं खोटं वाटलं असणार, असा माझा समज आहे.

लिहिताना सगळं सुरेख दिसतं, म्हणून हेही लिहिते. भाचा बारा-तेरा वर्षांचा असताना दोन वर्षं त्या घरात कुणी सलग झोपलं नाही. तो मध्यरात्री उठायचा, भिंतीवर कपाळ आपटायचा, स्वतःच्या मनगटाला चावायचा. तिथे आजही कातडी जाड आणि काळपट आहे. एकदा दादाने त्याला धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि दादाच्या चष्म्याची काच गालात गेली. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकल्याचा आवाज यायचा. मी चार दिवस राहून परत ठाण्याला निघाले की गाडीत बसल्यावर जो सैलपणा वाटायचा, तो मला आवडायचाही आणि त्याची लाजही वाटायची. संवेदना हा सगळ्याचा गाभा आहे हे आम्हाला फार उशिरा कुणी सांगितलं. आवाज, उजेड, कापडाच्या शिवणी, वासांचा मारा या गोष्टी अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांमध्ये आल्या त्या २०१३ मध्ये. मग वहिनीने ट्यूबलाइट काढून पिवळे दिवे लावले, शर्टांच्या कॉलरमागच्या पट्ट्या उसवल्या, खोलीच्या दाराला जाड गोधडी टांगली. रात्री हळूहळू शांत झाल्या. सगळ्या नाही.

प्रमाणपत्राच्या वेळी मी सोबत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे, पण त्यासाठी टक्केवारीचा कागद लागतो. आपल्याकडे जी मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० विधानं असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, १५३ च्या वर गेली तर तीव्र. पहिलाच मुद्दा नजरेला नजर देण्याचा. बाकावर बसल्या बसल्या मला हसू नाही, पण एक जुनी आठवण आली. आमच्या लहानपणी मोठ्यांशी बोलताना मान वर केली तर "डोळे वर करून बोलतेस?" म्हणून दटावणी मिळायची. आई कितीतरी वर्षं कौतुकाने सांगत असे की नातू सालस आहे, नजर वर करून बघत नाही. एका घरात जो गुण होता त्याचे इथे गुण कापले जात होते, खरं तर वाढवले जात होते, कारण इथे जास्त गुण म्हणजे जास्त दोष. वहिनी प्रत्येक विधानाला तिच्या मुलाला काय येत नाही ते सांगत होती. कागद मिळायला हवा म्हणून ती नीट, सविस्तर सांगत होती, आणि तिचा आवाज प्रत्येक उत्तराबरोबर कोरडा होत होता. चष्म्यासारख्या गोष्टींसाठी त्या ४० मध्ये जागा नव्हती.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने या सगळ्या विचाराची दिशाच बदलून दाखवली. तो स्वतः ऑटिस्टिक, आणि ऑटिस्टिक मुलाचा बाप. त्याचं म्हणणं असं की न समजणं दुतर्फी आहे. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचायला अवघड जातं हे जितकं खरं, तितकंच इतरांना ऑटिस्टिक माणसाचं मन वाचता येत नाही हेही खरं. पण 'अपंगत्व' म्हणून नोंद होते फक्त एकाची. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासायला कानगोष्टींसारखा प्रयोग केला. ७२ माणसं, आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांमध्ये गोष्ट तितकीच टिकली जितकी इतरांच्या साखळ्यांमध्ये. मिश्र साखळ्यांमध्ये मात्र ती भराभर गळत गेली. पुढे त्यांनीच ३०० हून जास्त माणसांना घेऊन प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हा मिश्र साखळ्यांमधली ती घसरण दिसली नाही. शास्त्र असंच चालतं आणि चालावं. पण दोन्ही वेळा एक गोष्ट टिकून राहिली: ऑटिस्टिक माणसं आपसात सांगण्या-समजण्यात कमी पडली नाहीत.

मिल्टनचं हे वाचून मला हायसं वाटलं आणि रागही आला. हायसं, कारण पाडव्याच्या सकाळचं माझं पाहणं निव्वळ आत्याची माया नव्हतं. राग, कारण हा प्रश्न उलट बाजूने विचारायला त्या बाहुल्यांनंतर २७ वर्षं लागली आणि तो विचारला त्याच माणसांपैकी एकाने. दादाला मात्र यातलं काही फारसं पटत नाही. तो म्हणतो, "अगं, रात्री तीनला तो डोकं आपटत असतो तेव्हा दुतर्फी काय नि एकतर्फी काय." त्याचं चूक नाही. भाच्याला बोलणारे शब्द थोडे आहेत, त्याला रस्ता एकट्याने ओलांडता येत नाही, आणि स्वतःच्या हक्कांबद्दल लिहू-बोलू शकणाऱ्या ऑटिस्टिक माणसांचं आयुष्य आणि त्याचं आयुष्य यांत खूप अंतर आहे. तरीही त्याच्या बोगद्याबद्दल मला जे थोडंफार उमगलं ते अशाच माणसांचं लिहिलेलं वाचून. आवाज दुखतो म्हणजे खरोखर, दात दुखतो तसा दुखतो, हे त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कुणाला ते सांगता आलं नसतं.

लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात हे रोज समोर येतं. भाचा उंच आहे, गोरा आहे, वहिनी त्याला इस्त्रीचे कपडे घालते. चढलो की कुणीतरी म्हणतंच, "धडधाकट तर दिसतो, इकडे कशाला?" वहिनी पर्समधून कार्ड काढते. कधी माणूस ओशाळून जागा देतो, कधी कार्ड उलटसुलट करून बघतो. मध्यंतरी एक गृहस्थ होते, पांढरी काठी घेतलेले. त्यांनी भाच्याचं "पुढील स्टेशन" ऐकलं आणि विचारलं, "कुठलं रे?" भाचा म्हणाला, "कोपर." गाडी हलली. "मग?" "दिवा." ठाण्यापर्यंत दोघांचं हेच चाललं होतं. त्या गृहस्थांना खिडकीबाहेरचं दिसत नव्हतं आणि त्यांना स्टेशनं कळणं गरजेचं होतं. भाच्याला तीच सांगायची होती. एकानेही दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

१८ वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी तो सज्ञान. म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. दादा-वहिनीचा अर्ज झाला. आता प्रश्न त्यानंतरचा आहे, जो प्रत्येक अशा घरात रात्रीच्या जेवणानंतर बोलला जातो, मूल झोपल्यावर. आमच्यानंतर काय? कॅनरच्या निबंधातला डोनाल्ड ८९ वर्षं जगला. मिसिसिपीमधल्या त्याच्या छोट्या गावात, घरच्यांच्याच बँकेत त्याने काम केलं, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर प्रवास केला, आणि २०२३ मध्ये गेला. मी वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्याच्याकडे बँक होती." खरं आहे. पैसा होता, आणि त्याला ओळखणारं गाव होतं. पैसा आमच्याकडे बेताचा आहे. गाव म्हणाल तर डोंबिवली आहे, गॅलरी आहे, आणि मी आहे.

वहिनीने माझं नाव सुचवलं. मी हो म्हटलं, पण त्याला विचारून, असंही म्हटलं. "त्याला कसं विचारणार?" हा तिचा प्रश्न मोडीत काढण्यासारखा नव्हता. दोघींनी मिळून एक मार्ग काढला आहे. माझ्या घराचे फोटो काढले: दार, पलंग, खिडकी, न्हाणीघर, खिडकीतून दिसणारं पिंपळाचं झाड, कारण माझ्याकडून रूळ दिसत नाहीत आणि हे त्याला आधीच कळायला हवं. ते फोटो त्याच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात, पुढच्या शनिवार-रविवारच्या चौकोनांत लावले. पलंगाचा फोटो त्याने पहिल्या दिवशी काढून टाकला. वहिनी म्हणाली, झालं, नको म्हणतोय. दुसऱ्या दिवशी त्याने तोच फोटो परत लावला, पण खिडकीच्या फोटोला चिकटवून. म्हणून आम्ही माझ्याकडचा पलंग खिडकीखाली सरकवला आणि नवा फोटो काढला. तो अजून जागेवर आहे. याचा अर्थ होकार धरायचा का, यावर दादा आणि वहिनी यांचं एकमत नाही. माझं मत असं की दोन रात्री राहून बघू दे, मग फोटो पुन्हा त्याच्या हातात देऊ, आणि त्याने सगळे काढून टाकले तर दुसरी व्यवस्था शोधू, कितीही जड गेलं तरी. शनिवारी त्याची स्वतःची गोधडी येईल, पिवळा दिवा मी आणला आहे, आणि मिक्सर ते दोन दिवस लागणार नाही. चटणी शुक्रवारीच वाटून ठेवते.